कृत्य, प्रवृत्ती आणि ओळख : एका पेचाची शब्दमीमांसा

समलिंगी असणे, कॅथलिक श्रद्धा बाळगणे आणि परंपरानिष्ठ राजकारणाचा पक्ष घेणे या तीन गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी नांदू शकतात काय, या प्रश्नाचा विचार बहुधा नीतिशास्त्राच्या अंगाने केला जातो. या वादाचा पुष्कळसा भाग शब्दयोजनेवर अवलंबून आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. कृत्याला नाव देणारा शब्द एक, प्रवृत्तीला नाव देणारा दुसरा आणि माणसाला नाव देणारा तिसरा. यांपैकी कोणता शब्द स्वीकारावयाचा, यावर प्रत्येक संस्थेची भूमिका ठरते.

कायद्याने केवळ कृत्यालाच नाव दिले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ निसर्गक्रमाविरुद्ध केलेल्या शरीरसंबंधाविषयी बोलत असे. तो करणाऱ्या माणसासाठी तेथे निराळे नाम नव्हते. ही 'निसर्गा'ची कल्पना मध्ययुगीन ख्रिस्ती चिंतनात घडलेली होय. आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्याने धर्मन्यायालयाच्या कक्षेतील हा अपराध राजाच्या न्यायालयात आणला, आणि पुढे इंग्रजी अमलाबरोबर तो हिंदुस्थानात उतरला. तेव्हा हे कलम भारतीय परंपरेचे रक्षण करते, असे म्हणणाऱ्या स्वदेशी परंपरावाद्याची अडचण उघड आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत तर ते कलमच नाही.

चर्चची भूमिका अधिक सूक्ष्म आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात कृत्य निषिद्ध ठरविले असून १९९७ च्या सुधारित पाठात प्रवृत्तीलाही वस्तुतः विस्कळित म्हटले आहे. पण व्यक्तीला आदराने व करुणेने वागवावे, तिच्याविरुद्ध अन्याय्य भेदभाव करू नये, असेही त्यातच सांगितले आहे. त्यापूर्वी १९८६ मध्ये रोमहून निघालेल्या पत्राने तर माणसाचे 'समलिंगी' किंवा 'भिन्नलिंगी' असे वर्गीकरण करण्यासच नकार दिला. ईश्वराची निर्मिती हीच त्याची मूळ ओळख, असे त्याचे म्हणणे. म्हणजे विशेषण चालेल, नाम चालणार नाही! श्रद्धावान समलिंगी माणसाची खरी कोंडी येथे आहे. त्याला क्षमा मिळते, स्नेहही मिळतो. ज्या शब्दाने तो स्वतःला ओळखतो, तो शब्द तेवढा मिळत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी, समलिंगी व्यक्तींना चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे सांगितले. समलिंगी विवाहाला असलेला विरोध मात्र त्यांनी कायम ठेवला.

संघाच्या भूमिकेतही हीच विभागणी आढळते. दत्तात्रेय होसबाळे यांनी २०१६ मध्ये हा गुन्हा नव्हे असे म्हटले, व लागलीच त्याला मानसिक बाब ठरविले. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देऊन, असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी केंद्र सरकारने मात्र भारतीय कुटुंबाची कल्पना पती, पत्नी आणि अपत्ये हीच होय, अशी बाजू न्यायालयात मांडली, आणि १७ ऑक्टोबर रोजी विवाहाचा हक्क नाकारला गेला. माणूस मान्य झाला, घर अमान्य राहिले.

याउलट, घराचा मुद्दा हाच परंपरावादाचा गाभा आहे, असे अँड्र्यू सलिव्हन या कॅथलिक लेखकाने १९८९ मध्ये अमेरिकेत मांडले : निष्ठा व स्थैर्य यांचा पुरस्कार करणाऱ्यांनी ती काहींना नाकारणे हे विसंगत आहे. गोव्याचे वेषभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी हाच प्रश्न युक्तिवादाने नव्हे, तर आचरणाने हाताळला. ते पक्षीय अर्थाने परंपरावादी होते, असा दावा करण्याचे कारण नाही. पण कुणबी साडीचे पुनरुज्जीवन करणारा आणि गोव्याच्या वेषभूषेचा इतिहास लिहिणारा हा कॅथलिक मनुष्य जतनाच्या वृत्तीचा होता, यात शंका नाही. २००२ मध्ये त्यांनी आपल्या फ्रेंच जोडीदाराशी फ्रान्सच्या कायद्यानुसार नागरी करार केला. आपल्या देशाचा कायदा नाव देत नव्हता, म्हणून परक्या कायद्याचे नाव घ्यावे लागले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले आणि अंत्यविधी कोलवाळच्या चर्चमध्ये पार पडला.

मराठीपुरते पाहिल्यास 'समलैंगिक' हे बहुधा संबंधांचे विशेषण आणि 'समलिंगी' हे व्यक्तीचे नाम, असा भेद रुळू लागला आहे, जरी वृत्तपत्रे तो नेहमी पाळीत नाहीत. 'गे' हा उसना शब्द तर आपल्याकडे स्त्रीला उद्देशून वापरावयाच्या जुन्या संबोधनाशी समरूप आहे. मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी हे तिन्ही शब्द छापील मजकुरातून येतात. घरात आईशी बोलताना त्यांतला एकही सहज जिभेवर येत नाही, आणि बोलणारा बहुधा 'मला लग्न करावयाचे नाही' एवढ्यावरच थांबतो.