गप्पी माशांसाठी घरगुती स्वयंचलित खाद्ययंत्र

डासांच्या अळ्यांचे जैविक नियंत्रण प्रात्यक्षिकातून दाखविता यावे, म्हणून रायपूर येथील आमच्या कीटक प्रयोगशाळेत गप्पी माशांची एक काचपेटी ठेवलेली आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जाताना मी तिच्यावर स्वतः तयार केलेले खाद्ययंत्र बसविले होते. आडवी फिरणारी प्लॅस्टिकची डबी, तिच्या कडेला एक छिद्र, एवढीच ती रचना. परतल्यावर पाणी दुधाळ झालेले व बहुतेक मासे मेलेले आढळले. छिद्र नेमके खाली आले असताना वीज गेली असावी. कारण आठवड्याचे खाद्य एकदम पाण्यात उतरले होते.

मासे उपासाने मेले नव्हते. मोठे, निरोगी मासे दोन-तीन दिवस खाद्यावाचून सहज राहतात. न खाल्लेले खाद्य मात्र कुजते, त्यातून अमोनिया निर्माण होतो आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी तितका त्याचा विषारी अंश वाढतो. म्हणून खाद्ययंत्राची पहिली कसोटी ही, की ते बिघडले तर खाद्य कमी पडावे, जास्त कदापि पडू नये.

पुढच्या यंत्रात ही काळजी घेतली. डबीच्या आतल्या भिंतीला लागून शिसपेन्सिलीइतक्या जाडीच्या पारदर्शक नळीचा अर्धवर्तुळाकार तुकडा चिकटविला. नळीचे एक टोक छिद्राशी घट्ट जोडलेले, दुसरे समोरच्या बाजूस डबीत उघडे. डबी फिरताना उघडे तोंड खाद्यातून पुढे सरकते व थोडे दाणे उचलते. अर्ध्या फेऱ्यानंतर छिद्र खाली येते तेव्हा तेवढेच दाणे पाण्यात पडतात. त्या वेळी आतले तोंड वर, खाद्याच्या बाहेर असते. वीज कोणत्याही क्षणी गेली तरी फार तर एका उचलीचे खाद्य सांडेल. मात्र डबी निम्म्याहून कमीच भरावी. डबी उलट दिशेने फिरल्यास दाणे नळीतून मागे घरंगळतात व काहीच पडत नाही. तसे झाल्यास मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करावी.

मोटार १२ व्होल्टची, मिनिटाला १० फेरे घेणारी गिअर मोटार आहे. पाण्याजवळ २३० व्होल्टची मोटार बसवू नये. तिचा अ‍ॅडाप्टर पेटीपासून दूर, अंतर्गत बॅटरी असलेल्या डिजिटल टायमरवर लावून सकाळी व सायंकाळी एकेक मिनिट चालवितो. दहा फेऱ्यांत पडणारे खाद्य कागदावर घेऊन पाहावे. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढेच ते असावे. जास्त वाटल्यास बारीक नळी वापरावी.

यानंतरची अडचण माझ्याच विषयातली निघाली आणि सहकाऱ्यांना विनोदाला विषय मिळाला. एका पावसाळ्यात यंत्र फिरत होते, पण दाणा पडत नव्हता. नळीत रेशमी जाळे व त्यात कोर्सायराची अळी! ट्रायकोकार्डसाठी तांदळावरील हा पतंग आम्ही शेजारच्याच खोलीत मोठ्या प्रमाणावर वाढवितो. माशांच्या खाद्यात धान्याचे पीठ व तांदळाचा कोंडा असतो. धानाच्या या मुलखातील पतंगाला आणखी काय हवे? शिवाय पिठातील लाल भुंगेरेही अशा खाद्यात आनंदाने नांदतात. आता नवे खाद्य घट्ट बंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतो, म्हणजे अंड्यांसह कीड मरते. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाही, नाहीतर खाद्यावर दव धरते. पावसाळ्यात दाणे ओलसर होऊन गोळा होऊ नयेत, म्हणून डबीत आठवड्यापुरतेच खाद्य भरतो, सिलिका जेलची पुडी झाकणाला आतून चिकटवितो आणि पंपाच्या बुडबुड्यांचे तुषार उडतात त्या कोपऱ्यापासून डबी दूर ठेवतो.

गावाला जाण्यापूर्वी निदान चार दिवस घरी असतानाच यंत्र चालवून पाहावे. गेल्या दिवाळीत आम्ही परतलो तेव्हा टायमर बरोबर वेळ दाखवीत होता. वीज नसल्याने काही वेळा चुकल्या असाव्यात, कारण डबीत अपेक्षेपेक्षा अधिक खाद्य शिल्लक होते. पाणी नितळ होते आणि पाणवनस्पतीच्या आडोशाला नवी पिल्ले फिरत होती.