मुशाफिराचा वाटा

हिंदमाता म्हटलं की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात, कापडाचा बाजार आणि पावसात तुंबणारं पाणी. रमजानमध्ये अर्थातच बाजार. ईदच्या कपड्यांसाठी आमच्या आयाबहिणी इथे येतात, तेव्हा शेजारच्या गादीवर कुणाच्या तरी लग्नाचा बस्ता चाललेला असतो. पाठीवर गठ्ठा घेतलेला हमाल आणि मशीनवर वाकलेला कारागीर मात्र बहुधा दूर मुलुखातला. मगरिबची अजान झाली की त्यांतला रोजेदार दुकानाच्या पायरीवरच खजूर तोंडात टाकतो.

जकातीचे आठ हकदार कुरआननं सांगितले आहेत. त्यांतला एक ‘इब्नुस्सबील’, शब्दशः वाटेचा मुलगा, म्हणजे घरापासून दूर अडचणीत सापडलेला मुशाफिर. याच परळ-लालबागमध्ये अशा मुशाफिरांसाठी कवी आणि शाहीर उभे राहिले होते. त्याची आठवण या महिन्यात काढायला हरकत नाही.

गिरणगाव वसवलंच बाहेरून आलेल्यांनी. रत्नागिरीचे, साताऱ्याचे गडी एकेका खोलीत पंधरा-वीस राहायचे आणि पाळीप्रमाणे झोपायचे. आझमगडकडचे जुलाहे साचेखात्यात लागले आणि मदनपुऱ्यात स्थिरावले. या माणसांनी आपली मदत आपणच उभी केली. हिंदमात्याजवळचं दामोदर नाट्यगृह 1922 मध्ये उभं राहिलं. तिथे कोकणातल्या गावांची मंडळं नमन-खेळे आणि शक्ती-तुऱ्याचे कार्यक्रम लावत. खोल्याखोल्यांतून तिकिटं खपवायची आणि जमलेला पैसा शाळेच्या इमारतीला किंवा अडल्यानडल्याला द्यायचा. ‘सहाय्यार्थ प्रयोग’ हा शब्द इथल्या चाळींना नवा नाही.

1943 मध्ये मुंबईत ‘इप्टा’ स्थापन झाली. बंगालमध्ये तेव्हा दुष्काळानं लाखो माणसं मरत होती. या कलावंतांनी गावोगाव गाणी-नाटकं करून बंगालसाठी पैसा जमवला. पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर आणि अमर शेख यांचं ‘लाल बावटा कलापथक’ निघालं.

यांतले अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. जन्म 1916 चा. आईच्या, मुनेरबींच्या, तोंडच्या मराठी ओव्या ऐकत वाढले. बसवर क्लीनर झाले, गिरणीत राबले. पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांच्या पहाडी आवाजानं मैदानं भरली. मुसलमानाची मराठी कशी असते, असं अजूनही कुणी विचारतं तेव्हा मी त्यांचं नाव सांगतो आणि पुढे काही बोलत नाही.

अण्णाभाऊ लहानपणी घरच्यांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला आले होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राची म्हणून ओळखली जाते. ती आहेच. पण बायकोला गावी ठेवून पोटासाठी आलेला जो गडी त्यात आहे, तो आज गोरखपूरच्या गाडीनं उतरतो, एवढाच फरक. उपऱ्याचं दुःख या मंडळींनी लांबून पाहून लिहिलं नाही, ते स्वतःच उपरे होते. 18 जुलै 1969 ला अण्णाभाऊ गेले आणि 29 ऑगस्टला अमर शेख. दीड महिनाही मध्ये गेला नाही.

तिकडे मदनपुऱ्यात कैफी आझमी कामगारांत राहून काम करत होते. इमारती बांधून स्वतः उघड्यावर झोपणाऱ्या मजुरांवर त्यांनी ‘मकान’ ही नज्म लिहिली. 1986 मध्ये त्यांची मुलगी शबाना संजय गांधी नगरच्या झोपड्या पाडल्या म्हणून उपोषणाला बसली. कविता घरात मुरली की असं होतं.

अमेरिकेतही अलीकडे कवी-लेखक स्थलांतरितांसाठी काव्यवाचनं लावतात आणि जमलेला पैसा त्यांच्या वकिलांच्या खर्चाला जातो. तिथल्या स्थलांतरितांत आपल्या पुण्या-मुंबईची मुलंही आहेत, त्यामुळे ती बातमी आपण आस्थेनं वाचतो. गोरखपूरचा पोरगा मात्र आपल्याला ‘लोंढा’ वाटतो. ज्यांचे आजोबा एका खोलीत वीसजण राहिले, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी हा शब्द मला बोचतो. गर्दीचा त्रास खोटा नाही. लोकल सगळ्यांनाच चेंगरते. पण 2020 च्या टाळेबंदीत हीच माणसं लेकरं खांद्यावर घेऊन महामार्गानं चालत गेली, तेव्हा या शहराला कारागीर, हमाल, गवंडी म्हणजे कोण ते कळलं होतं.

दामोदर 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. पण काव्यवाचनाला रंगमंच लागतोच असं नाही. दादर-परळच्या साहित्य मंडळांनी एखादी संध्याकाळ ठरवावी, इफ्तारनंतरची चालेल. मराठी, उर्दू, भोजपुरी कवींना बोलवावं आणि दाराशी एक डबा ठेवावा. काम मोठं नाही. दुसऱ्या राज्याचं रेशनकार्ड ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत इथेही चालतं, हे पुष्कळ मजुरांना ठाऊक नसतं. मालकानं मजुरी बुडवली तर अर्ज कुठे करायचा, तेही नाही. त्या डब्यातून या कामासाठी एखाद्या कार्यकर्त्याचं मानधन, एखाद्या वकिलाची फी निघेल.

फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो, तेव्हा तारीख त्याच्या आधीची धरलेली बरी. कुणी पुढाकार घेतला तर सतरंज्या आणि चहा आमच्याकडे लागला.