मोहोळच्या हायस्कूलमधला कायदा

मोफत वकील : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, लागू ९ नोव्हेंबर १९९५पासून. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. शाळांतल्या कायदेविषयक शिबिरांमागे हाच कायदा आहे. साखळी अशी : तालुका विधी सेवा समिती, सोलापूरचे जिल्हा प्राधिकरण, मग मुंबईचे राज्य प्राधिकरण. मुले आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही.

शिक्षण : हक्क ६ ते १४ वर्षे, आठवीपर्यंत. नववी-दहावी त्यात येत नाही.

लग्न : मुलगी १८, मुलगा २१. २००६च्या कायद्यानुसार बालविवाह लावणाऱ्यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड. महत्त्वाचा फरक : असा विवाह गुन्हा असला, तरी सहसा आपोआप रद्द होत नाही. लग्नावेळी अल्पवयीन असलेल्या मुलाला वा मुलीला तो न्यायालयातून रद्द करून घेता येतो. मुदत सज्ञान झाल्यावर २ वर्षे. तक्रार गावातच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) करता येते. तेच तिथले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी.

काम : १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, शाळेची वेळ सोडून घरच्या शेतीत मदत चालते. १४ ते १८ : धोकादायक काम नाही.

पोलीस : १८ वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते.

गाडी : गिअरच्या मोटारसायकलला १८ वर्षे पूर्ण हवीत. अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड.

वहीत लिहून ठेवा : मुलांसाठी १०९८, कायदेशीर मदतीसाठी १५१००.