अमेरिको पारेदेस : सरहद्दीवरच्या गाण्यांचा अभ्यासक

नदी आधी, सीमा नंतर

अमेरिका-मेक्सिको युद्ध संपले आणि १८४८ च्या तहात रिओ ग्रांदे नदी दोन देशांची हद्द ठरली. टेक्सासच्या दक्षिण टोकाला त्याआधी सुमारे शंभर वर्षांपासून दोन्ही काठांवर एकाच समाजाची वस्ती होती. गुरे, सोयरिकी, सणवार, सगळे नदीच्या आरपार चालायचे. तहानंतर उत्तर काठचे लोक जागचे न हलता परक्या देशात गेले. पुढे अनेकांच्या जमिनी हातच्या गेल्या, आणि बंदोबस्ताला असलेल्या ‘टेक्सास रेंजर्स’च्या नावाचीच लोकांनी धास्ती घेतली.

पारेदेस याच मुलखातल्या ब्राउन्सविलचे. जन्म १९१५ चा. तरुणपणी ते पत्रकार होते, कविता करायचे, गिटारवर गायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे पूर्व आशियात काढून ते परतले आणि पस्तिशीत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकू लागले. १९५६ मध्ये डॉक्टरेट झाली. दोनच वर्षांनी ‘विथ हिज पिस्टल इन हिज हँड’ हे पुस्तक आले. ते एका गाण्याबद्दल आहे.

कोरिदो

कोरिदो म्हणजे घडलेल्या घटनेचे कथागीत. चार ओळींची कडवी, साथीला गिटार. बहुधा सुरुवातीला स्थळ-काळ आणि शेवटी गाणाऱ्याने घेतलेला निरोप. पोवाडा ऐकलेल्याला ही घडण ओळखीची वाटेल. मात्र पोवाड्याला पुष्कळदा आश्रयदाता असे. सरहद्दीवरचा कोरिदो गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी आपल्याच माणसांसाठी गायला.

घोडीवरून पेटलेले प्रकरण

१२ जून १९०१ रोजी टेक्सासमधल्या कार्न्स काउंटीचा शेरीफ घोड्याच्या चोरीचा तपास करत ग्रेगोरिओ कोर्तेस या शेतकऱ्याच्या दारी आला. घोड्याचा व्यवहार केलास का, या प्रश्नाला कोर्तेस नाही म्हणाला. खरेच होते ते, त्याने घोडी दिली होती. बरोबरच्या दुभाष्याचे स्पॅनिश कच्चे होते, त्याला हा फरक उमगला नाही. बोलणे चिघळले. शेरीफने कोर्तेसच्या भावावर गोळी झाडली, कोर्तेसने शेरीफवर. शेरीफ मेला. पुढचे दहा दिवस कोर्तेस मैलोन्‌मैल पायी आणि घोड्यावर पळत राहिला. वाटेत आणखी एक शेरीफ मारला गेला. अखेर लारेडोजवळ तो सापडला. खटले झाले, शिक्षा झाली, आणि १९१३ मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली.

गाणे आणि कागद

पुस्तकातले गाणे म्हणजे याच कोर्तेसचा कोरिदो. पारेदेस यांनी त्याच्याभोवतीची दंतकथा, कोर्टकचेरीतला माणूस आणि गाण्याची निरनिराळी रूपे शेजारी शेजारी मांडली. दंतकथेत कोर्तेस आपणहून शरण जातो, कारण आपल्यापायी आपल्या लोकांना छळले जाते आहे हे त्याला कळते. प्रत्यक्षात ओळखीच्याच माणसाने त्याचा ठावठिकाणा सांगितला होता. दुसरा एखादा अभ्यासक गाणाऱ्यांची चूक दाखवून मोकळा झाला असता. पारेदेस यांना त्या फरकातच रस होता. फितुरी झाकून तिथे त्याग घालावासा वाटणाऱ्या समाजाला कसा नायक हवा होता, हे त्यातून दिसते : शांत, कामसू, आणि डिवचल्यावरच हत्यार उचलणारा.

पुस्तकातला जास्त धारदार भाग दुसऱ्या बाजूचा आहे. इतिहासकार वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांच्या १९३५ च्या ग्रंथात रेंजर शूर, मेक्सिकन क्रूर. ही सुद्धा दंतकथाच, असे पारेदेस यांनी दाखवले. फरक इतकाच की ती छापील होती आणि विद्वानांची होती. १९५८ च्या टेक्सासमध्ये, तिथल्याच विद्यापीठाच्या छापखान्यातून हे बाहेर पडावे, याला छाती लागते.

१९७७ च्या एका निबंधात त्यांनी मानववंशशास्त्रज्ञांनाही सोडले नाही. मेक्सिकन वस्त्यांत टिपणे घेणाऱ्या या मंडळींनी लोकांनी केलेली थट्टा गंभीर माहिती म्हणून उतरवून घेतली होती. निबंध आजही वाचताना हसू येते, आणि क्षेत्रकार्य करणाऱ्याला घामही फुटतो.

नंतरच्यांचे आक्षेप

पारेदेस यांचा जुना सरहद्दी समाज जरा जास्तच गोजिरा आहे, घरच्या कर्त्या पुरुषाची सत्ता त्यात प्रश्नाविना येते, अशी टीका मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्दो यांनी केली. ती मला पटते. १९९० मध्ये मारिया हेरेरा-सोबेक यांनी कोरिदोतल्या स्त्रियांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

संगीताचे अभ्यासक मॅन्युएल पेन्या यांनी वेगळी रेघ शोधली. १९८५ च्या पुस्तकात त्यांनी ‘कोन्हुंतो’ हे टेक्सासमधल्या मेक्सिकनांचे अकॉर्डियनचे संगीत घेतले. हे कष्टकऱ्यांचे संगीत. वर चढू पाहणारी मेक्सिकन कुटुंबे मोठ्या वाद्यवृंदाकडे वळली. म्हणजे हद्द समाजाच्या आतही होती. शिवाय अकॉर्डियन आणि पोल्का आले युरोपातून. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक वसाहतकरी ते वाजवत. या संगीताचे जनक मानले जाणारे नार्सिसो मार्तिनेस यांच्या पोल्का १९३०च्या दशकात ब्लूबर्ड कंपनीने मुद्रित केल्या. हीच कंपनी लुइझियानातल्या फ्रेंच भाषक केजन गिऱ्हाइकांना त्या ‘लुइझियाना पीट’ या नावाने विकी, आणि पोलिश गिऱ्हाइकांना ‘पोल्स्की क्वार्तेत’ म्हणून.