अहिंसेची फौज

वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांच्या घरात बंदूक असे आणि तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वैरेही असत. बाप मारला गेला तर सूड मुलाकडे वारशाने येई आणि तो टाळणाऱ्याला गावात मान वर करून फिरता येत नसे. अशा मुलुखात १९२९ नंतर हजारो माणसांनी सूड न घेण्याची शपथ घेतली आणि लाठ्या, गोळ्या, तुरुंग सोसून ती पाळली. हे घडवून आणणारे खान अब्दुल गफार खान आपल्याला 'सरहद्द गांधी' म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्या कामाची मुळे मात्र गांधीजींच्या भेटीच्या कितीतरी आधीची आणि त्यांच्याच मातीतली होती. माणसे स्वभावाने शांत असतात म्हणून अहिंसा टिकत नाही, ती रोजच्या कामातून अंगी बाणवावी लागते, हे त्यांनी जितके ओळखले तितके फार थोड्यांनी ओळखले असेल.

उतमानझाईची शाळा

पेशावरजवळच्या चारसद्दा भागातल्या उतमानझाई गावी १८९० मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील बहराम खान हे तिथले जमीनदार. पेशावरच्या मिशन शाळेत शिकताना मुख्याध्यापक रेव्हरंड विग्रम यांचा मुलावर खोल ठसा उमटला. दूर देशाहून आलेला माणूस आपल्या मुलांसाठी एवढा झिजतो, मग आपण आपल्या लोकांसाठी काय करतो, हा प्रश्न त्यांच्या मनात कायमचा घर करून बसला. इंग्रजांच्या नामांकित 'गाइड्स' पलटणीत अधिकारी होण्याची संधी चालून आली होती. पण तिथल्या एका देशी अधिकाऱ्याचा गोऱ्याने केलेला अपमान डोळ्यांदेखत पाहिला आणि तो नाद त्यांनी सोडला. थोरले बंधू डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेले होते. धाकट्यालाही जायचे होते, पण आईने नको म्हटले आणि ते राहिले.

१९१० मध्ये, विशीत असतानाच, त्यांनी गावी शाळा काढली. रौलेट कायद्याविरुद्धच्या चळवळीत १९१९ साली पहिला तुरुंगवास घडला. १९२१ मध्ये उतमानझाईला 'आझाद शाळा' उभी राहिली आणि त्याच वर्षी झालेल्या अटकेने त्यांची तीन वर्षे घेतली. पुढे गावोगाव पायी हिंडून त्यांनी निरक्षरता, अस्वच्छता, भाऊबंदकी आणि लग्नकार्यातली उधळपट्टी यांविरुद्ध लोकांना समजावले. स्त्रियांनी शिकले पाहिजे, हेही ते ठासून सांगत. १९२८ मध्ये त्यांनी पश्तो भाषेत 'पख्तून' हे मासिक सुरू केले. लोक त्यांना प्रेमाने बादशाह खान म्हणू लागले.

खुदाई खिदमतगार

१९२९ मध्ये 'खुदाई खिदमतगार', म्हणजे देवाचे सेवक, ही संघटना जन्माला आली. देवाला स्वतःसाठी सेवेची गरज नाही, त्याच्या लेकरांची सेवा हीच त्याची सेवा, हा तिचा पाया. भरती होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे: हिंसा करणार नाही, सूड उगवणार नाही, छळणाऱ्याला क्षमा करीन, भांडणतंट्यापासून दूर राहीन आणि रोज किमान दोन तास लोकसेवेला देईन.

यातल्या दोन तासांच्या अटीत बादशाह खानांची खरी दृष्टी दिसते. लढा रोज नसतो, काम मात्र रोज असते. गाव झाडणे, सूत कातणे, शाळा चालवणे यांतून माणूस शिस्तीला लागतो आणि शेजारच्या वैऱ्याबरोबर खांद्याला खांदा लावायला शिकतो. संघटनेची घडी लष्करी होती. तिच्यात हुद्दे, कवायत, निशाण, ढोल असे सारे होते, नव्हते ते फक्त शस्त्र. पांढरे सदरे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात रंगवून घेतले आणि खिदमतगार 'लाल डगलेवाले' म्हणून प्रसिद्ध झाले. इंग्रजांना त्या रंगात रशियाचा हात दिसू लागला.

धर्म आडवा येत नाही का, असे त्यांना विचारले जाई. अहिंसा आणि सबुरी आपल्या पैगंबरांच्या मक्केतल्या आयुष्यातच आहेत, आपण त्या विसरलो होतो, असे त्यांचे म्हणणे असे. परक्याची शिकवण म्हणून त्यांनी अहिंसा सांगितली असती, तर पठाणांनी ती ऐकूनही घेतली नसती.

किस्सा ख्वानी बाजार

मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात, २३ एप्रिल १९३० रोजी, बादशाह खानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात जमलेल्या निःशस्त्र लोकांवर सैन्याने गोळीबार केला. पुढचे पडले तरी मागचे हटले नाहीत. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत कितीतरी पटींचे अंतर आहे. गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी मात्र या लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला. त्यांचे पुढारी चंद्रसिंह गढवाली यांना जन्मठेप झाली. गोळीबारानंतर काही दिवस पेशावर शहरावर सरकारचा ताबाच उरला नव्हता.

दडपशाही पुढेही थांबली नाही, तरी खिदमतगारांची संख्या झपाट्याने वाढली. बंदुका घरात असलेली माणसे बंदूक न उचलता उभी राहिली, म्हणून त्यांच्या अहिंसेला भित्रेपणा म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

वर्ध्याचे दिवस

१९३१ च्या अखेरीस बादशाह खानांना पुन्हा पकडले आणि हजारीबागच्या तुरुंगात ठेवले. ऑगस्ट १९३४ मध्ये सुटका झाली ती सरहद्द प्रांत आणि पंजाब यांत पाऊल न टाकण्याच्या अटीवर. तेव्हा ते बंधू डॉ. खानसाहेबांसह वर्ध्याला आले आणि जमनालाल बजाज यांच्या घरी राहिले. गांधीजींचा सहवास इथे रोजचा झाला. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले होते, पण आपण साधा शिपाई आहोत, असे सांगून त्यांनी ते नाकारले. त्याच वर्षी मुंबईत सरहद्दीवरच्या अत्याचारांबद्दल त्यांनी भाषण केले. त्यासाठी डिसेंबरमध्ये वर्ध्यातच त्यांना अटक झाली आणि दोन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली गेली.

जुलै १९४० मध्ये काँग्रेसने काही अटींवर युद्धात सहकार्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. सत्याग्रहात अहिंसा पाळायची आणि युद्धात ती बाजूला ठेवायची, हे त्यांना मान्य नव्हते. १९४२ च्या आंदोलनात पोलिसांच्या मारहाणीत त्यांच्या बरगड्या मोडल्या. १९४७ च्या आरंभी दंगलीने होरपळलेल्या बिहारमध्ये ते गांधीजींबरोबर हिंडले.

दोन देशांच्या मध्ये

फाळणीने त्यांच्यावर मोठा अन्याय केला. सरहद्दीत काँग्रेसचे मंत्रिमंडळ असूनही सार्वमत ठरले आणि काँग्रेस कार्यकारिणीने ते मान्य केले. भारत की पाकिस्तान एवढाच पर्याय समोर ठेवल्याने खिदमतगारांनी जुलै १९४७ च्या मतदानावर बहिष्कार टाकला. ज्यांच्यासाठी सर्वस्व पणाला लावले त्यांनीच आपल्याला वाऱ्यावर सोडले, हे शल्य बादशाह खानांनी कधी लपवले नाही, आणि त्यात अतिशयोक्तीही नव्हती.

नव्या देशाशी, पाकिस्तानशी, निष्ठेची शपथ त्यांनी १९४८ मध्ये घेतली, तरी काही महिन्यांतच ते पुन्हा गजाआड गेले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्दाजवळच्या बाबडा गावी खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला. या वेळी गोळ्या झाडणारे सरकार स्वदेशी होते. संघटनेवर बंदी आली. तुरुंग, नजरकैद आणि अफगाणिस्तानातला विजनवास यांत पुढची कित्येक वर्षे गेली.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ते भारतात आले. अहमदाबादची दंगल नुकतीच होऊन गेली होती. सत्कार स्वीकारत बसण्याऐवजी त्यांनी तीन दिवसांचा उपवास केला आणि भारताने गांधींना विसरल्याचे तोंडावर सांगितले. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे अफगाणिस्तानातल्या जलालाबादला दफन झाले. त्यासाठी तिथले युद्ध थांबवले गेले होते, तरीही अंत्यविधीच्या ठिकाणी स्फोट होऊन माणसे मेली.

त्यांचा लढा हरला, असे म्हणणे सोपे आहे. प्रांत गेला, संघटना मोडली, हे खरेच. पण पिढीजात वैर सोडायला माणसांना शिकवता येते, आणि तेही त्यांच्याच धर्माच्या, त्यांच्याच भाषेच्या आणि त्यांच्याच अभिमानाच्या आधाराने, हे त्यांनी करून दाखवले. दंगल पेटल्यावर शांततेची आवाहने करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दंगल नसताना रोज दोन तास देणारी माणसे उभी करण्याचे काम बादशाह खानांनी केले, आणि आज आपल्या गावागावांत, वस्त्यावस्त्यांत तेच करायची गरज आहे.