एकट्या पेशीला चटका बसतो का?

सांगलीच्या एका वाचक शिक्षिकेने विचारलं आहे, ‘चुंबकीय नॅनोकण कर्करोगाच्या पेशीच्या आत पोचवता येतात ना? मग बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावायचं, तेवढीच पेशी जळेल आणि शेजारची निरोगी पेशी वाचेल. असं का करत नाहीत?’ या प्रश्नाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. आजचा अख्खा हप्ता त्याच्याच वाट्याला.

हिशेबच मांडू. 20 नॅनोमीटर व्यासाचा लोह ऑक्साइडचा एक कण घ्या. दिशा बदलत्या क्षेत्रात चांगले कण ग्रॅममागे 100 वॉट उष्णता देतात, हे मागच्या हप्त्यात आलंच आहे. पण आपल्या कणाचं वजन ग्रॅममध्ये लिहायचं तर दशांश चिन्हानंतर आधी सोळा शून्यं मांडावी लागतात. त्याने दिलेली उष्णता भोवतालच्या पाण्यात तत्क्षणी पसरते. कणाच्या पृष्ठभागाचं तापमान वाढतं ते एका अंशाच्या साधारण साडेतीन कोटीव्या भागाने!

बरं, पेशी कणांनी ठासून भरू. 10 मायक्रोमीटर त्रिज्येची पेशी आणि तिच्यात 100 पिकोग्रॅम कण, म्हणजे भरपूर झाले. तरी वाढ एका अंशाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच. पेशी मारायची तर तापमान 42–43 अंशांपर्यंत न्यावं लागतं आणि तिथे बराच वेळ टिकवावं लागतं. एकटी पेशी तिथवर जाणारच नाही.

मग कणांनी भरलेली अख्खी गाठ कशी तापते? कणांची दाटी तीच ठेवली तर तापमानातली वाढ त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत होते. पेशीऐवजी एक मिलिमीटर त्रिज्येचा गोळा घेतला, तर त्रिज्या शंभरपट आणि वाढ दहा हजारपट, म्हणजे अंश-सव्वा अंश. एक सेंटिमीटरला ती आणखी शंभरपट होते. त्यातली बरीच उष्णता रक्त वाहून नेतं, तरी उरते ती पुष्कळ. शेगडीतला निखारा एकटा बाहेर काढला की विझतो, तसंच हे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या योएड राबिन यांनी 2002 साली हा हिशेब शोधनिबंधात मांडला. पेशीच्या आत तापवण्याला उष्णतेच्या दृष्टीने काही खास फायदा आहे का, हाच त्यांचा प्रश्न होता. त्या निबंधाने या क्षेत्रातल्या अनेकांची भाबडी आशा मोडली आणि ते बरंच झालं, असं माझं मत आहे.

1957 सालीच शिकागोचे गिलख्रिस्ट आणि सहकारी चुंबकीय कणांनी ऊती तापवून पाहत होते. शस्त्रक्रियेनंतर लसिका ग्रंथींत राहून जाणारे, डोळ्यांना न दिसणारे कर्करोगाचे ठिपके त्यांना नष्ट करायचे होते. पण त्यांनी ठिपक्यामागे न धावता सबंध ग्रंथी तापवायची ठरवली. गणित त्यांच्याच बाजूने होतं.

इथे प्रश्न मिटला असता, तर मी एवढा रमलो नसतो. 2011 साली पोर्तो रिकोत कार्लोस रिनाल्डी यांच्या गटाने कर्करोगाच्या पेशींवरच्या ईजीएफआर या ग्राहक-रेणूला चिकटणारे कण वापरले. क्षेत्र लावलं, भोवतालच्या द्रवाचं तापमान जाणवण्याइतकं वाढलं नाही, आणि पेशी मात्र मेल्या. 2013 साली त्यांनी एक धागा दाखवला. हे कण पेशीने गिळून लायसोसोम नावाच्या पिशवीत साठवलेले असतात, आणि क्षेत्र लावल्यावर त्या पिशवीचं पटल फुटून आतली पाचक द्रव्यं पेशीतच सांडतात. त्याच वर्षी इटलीतल्या जिनोव्हाच्या गटाने कणांवर उष्णतेने तुटणारे अ‍ॅझो रेणू बसवले. कणापासून अर्ध्या नॅनोमीटरवर तापमान दहा-वीस नव्हे, चाळीसहून अधिक अंशांनी वाढल्याचं त्यांच्या मोजणीतून निघालं!

उष्णतावहनाच्या नेहमीच्या नियमात ही मोजणी बसत नाही, आणि तिच्यावरचा वाद चालू आहे. मला अधिक मोलाचा वाटतो तो लायसोसोमचा धागा. पेशी तापून मरते हे गृहीतच तिथे बाजूला पडतं. कण क्षेत्राबरोबर हिसके देत पटल फाडत असतील, तर मोजायला हवा तो जोर. तसं असेल तर क्षेत्राची वारंवारता कमी ठेवूनही काम भागू शकेल, आणि निरोगी ऊतींत क्षेत्राने उठवलेल्या भोवरी विद्युतप्रवाहांनी होणारा ताप टळेल.

चुंबकीय कणांनी उपचार झालेल्या बर्लिनच्या रुग्णांबद्दल आज लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यात.