उन्हाची रीत वेगळी, दिव्याची रीत वेगळी

आज आपण उजेडाचा हिशोब मांडणार आहोत.

भिवंडी म्हटले की यंत्रमाग डोळ्यांसमोर येतात. तिथे कितीतरी बायका कांड्या भरतात, कापड तपासतात, सुटे धागे कापतात. तालुक्यातल्या गावांत भात वाळवायचा असतो, पापड-कुरडया घालायच्या असतात. दोन्ही कामांना उजेड लागतो, पण ऊन एका रीतीने वागते आणि दिवा दुसऱ्या. हा फरक कळला तर डोळ्यांचा शीण वाचतो आणि विजेचे बिलही.

आधी एक प्रयोग करू. रात्री मोबाइलची बॅटरी लावून भिंतीपासून ४ फुटांवर ठेवा. बरोबर मध्ये, म्हणजे २ फुटांवर, पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा भिंतीला समांतर धरा. भिंतीवरची सावली मोजा. ती लांबीला दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट भरेल. म्हणजे तिच्यात तसे ४ पुठ्ठे बसतील. आता पुठ्ठा काढून घ्या. जो उजेड एका पुठ्ठ्यावर पडत होता, तोच आता भिंतीवर ४ पुठ्ठ्यांएवढ्या जागेत पसरला. साहजिकच तो चौपट पातळ झाला.

लहान दिव्याचा हा नियमच आहे. १ फुटावर जेवढा उजेड, त्याचा चौथा हिस्सा २ फुटांवर आणि नववा हिस्सा ३ फुटांवर.

दुसऱ्या दिवशी तोच पुठ्ठा उन्हात, भिंतीला समांतर धरा. वीतभर अंतरावर धरा, मग हातभर. सावलीची कड थोडी पुसट होईल, पण सावली वाढणार नाही. असे का? सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा उजेड इथे पोहोचायला ८ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. इतक्या लांबून येणारे किरण आपल्या अंगणात जवळजवळ समांतरच पडतात. म्हणून पापड खाली अंगणात घाला की वर गच्चीवर, सूर्य काही जवळ येत नाही. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, पण १५ कोटी किलोमीटरपुढे ते काहीच नाही. वर तर उलट थंडीच वाजते.

आणखी एक गंमत ऐका. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या थंडीत! मग मे महिन्यात ऊन का भाजते? कारण तेव्हा सूर्य डोक्यावर येतो. भिवंडीत मेच्या मध्याला दुपारी एक दिवस असा येतो, की उभ्या काठीची सावली काठीच्या बुंध्याशीच नाहीशी होते. डोक्यावरचे ऊन थोड्या जागेवर दाट पडते, तिरपे ऊन जास्त जागेवर पसरते.

तेव्हा उन्हाच्या बाबतीत दोनच गोष्टी पाहायच्या: कल आणि आड. थंडीत वाळवणाची सुपे दक्षिणेकडे थोडी कलती ठेवली तर ऊन जास्त मिळते. सोलर पॅनेलही आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून, साधारण २० अंश कलते बसवतात. ते उंच खांबावर नेल्याने सूर्य जवळ येत नाही. उंची हवी ती झाडाची किंवा भिंतीची सावली टाळण्यापुरती.

दिव्याच्या बाबतीत मात्र अंतर पाहायचे. कामापासून ६ फुटांवरचा दिवा २ फुटांवर आणला की त्याचा थेट उजेड ९ पट होतो. भिंतींवरून परतणारा उजेड सोडला, तर ९ वॉटचा दिवा वरून जे देतो, ते १ वॉटचा तसाच दिवा जवळून देईल. लांब ट्यूबलाइटला हा हिशोब जवळून तंतोतंत लागू होत नाही, पण जवळचा उजेड जास्त, हे तिथेही खरे. म्हणून मोठा दिवा आणण्याआधी आहे तो खाली घेता येतो का ते पाहा. तुटलेला धागा वेळेत दिसला तर कापडात दोष राहत नाही. अभ्यास करणाऱ्या मुलीलाही वहीवरची अक्षरे न वाकता दिसतात.

जपायच्या गोष्टी तीन. दिव्याला वरून झाकण असावे, म्हणजे तो डोळ्यांत जात नाही. उजव्या हाताने काम करत असाल तर तो डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. आणि सुताच्या कामाजवळ एलईडीच घ्या. तापणारा जुना बल्ब किंवा चिमणी नको. सुताचे बारीक तंतू पटकन पेट घेतात. वायर उघडी असेल तर ती जाणकाराकडून आधी दुरुस्त करून घ्या.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला एक पुठ्ठा आणि मोबाइल घेऊन या. सावली मोजा आणि मग प्रत्येकीच्या घरातला दिवा कामापासून किती फुटांवर आहे, तेही विचारा.